माल पसंत नसल्यास भांडावे

पारोळ्याच्या बाजारपेठेत उखा नानांच्या दुकानावर एक पाटी होती. तिच्यावर दुकानाचं नाव बारीक अक्षरांत आणि त्याखाली एक ओळ ठळक अक्षरांत रंगवलेली होती : ‘माल पसंत नसल्यास येऊन भांडावे.’ बाहेरगावचे लोक ती वाचून हसत. गावातले हसत नसत. ते येऊन भांडत.

दुकानात स्टोव्हचे बर्नर, कंदिलाच्या काचा, बॅटऱ्या, कुलपं, छत्र्या, गजराची घड्याळं, कुकरच्या रिंगा असा माल असे. म्हणजे घरी नेल्यावर चौथ्या दिवशी कुरकुर करणारच, असा सगळा. त्यापेक्षा किराणा का ठेवला नाही, असं मी एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले, “गूळ खाई टाकतस रे लोके. मंग भांडाले काय लई येतीन?”

दुकानाच्या पायरीशी एक लाकडी बाक होता. त्याला सगळे भांडायचा बाक म्हणत. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी तिथे बसवायचं. दुकानामागेच घर होतं, तिथून नानांच्या बायकोने, मथुराअक्कांनी, पाण्याचा तांब्या आणायचा. पाणी पिऊन झालं की माणसाने सुरू करायचं. तो बोलत असताना नाना एक शब्द बोलत नसत. चष्मा कपाळावर चढवून त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहत. तो थांबला की म्हणत, “आखो एकदाव सांग. सवकाश.” दुसऱ्यांदा सांगताना माणसाचा निम्मा राग आपोआप ओसरत असे. मग नाना त्यांची बाजू मांडत, आणि तीही जोरात, हातवारे करून. शेवटी वस्तू बदलून मिळे किंवा तिथेच दुरुस्त होई. पावती ते कधीच देत नसत. मागितली तर म्हणत, “पावती हरपस. तोंड थोडीच हरपस?”

माल घेऊन गिऱ्हाईक पायरी उतरू लागलं की बाकीचे दुकानदार ‘या परत’ म्हणतात. नाना विचारत, “भांडाले कधी येशी?”

पेठेत भाजी विकणारी गंगूबाई ही या बाकावरची सगळ्यात जुनी आणि पट्टीची भांडणारी. तिचा आवाज इतका दणदणीत, की ती दुकानात बोलू लागली की समोरच्या हॉटेलातले लोक चहा ठेवून ऐकत. एकदा ती डोक्यावर स्टोव्ह घेऊन आली.

“नाना, हाऊ स्टोव्ह शे का चूल शे? नुसता धूर सोडस.”

“धूर कोनती बाजूले जास?”

“जठे मना नवरा बसस, तठेच जास.”

“मंग स्टोव्ह शहाना शे,” नाना म्हणाले, आणि पिन घेऊन बर्नर साफ करायला बसले. गंगूबाई आणखी अर्धा तास भांडली. जाताना तिचा चेहरा जत्रेतून परतलेल्या बाईसारखा दिसत होता.

माझी नानांशी ओळख झाली ती पत्रकामुळे. वडील शिक्षक, आणि शाळा सुटली की चळवळीत. आमच्या घरात वर्तमानपत्र एकच यायचं, पण पत्रकं गठ्ठ्याने निघायची. ओसरीवर सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. हुंडा, पाणी, शाळेची फी, दारूचं दुकान, प्रत्येक विषयाची पाठकोरी पत्रकं माझ्या अभ्यासाच्या वह्या झाली. कॉलेजात जाईपर्यंत माझी खात्रीच झाली होती, की दोन पानांवर नीट लिहिलं तर जगातली कुठलीही गोष्ट दुरुस्त करता येते. ती खात्री अजून पूर्ण गेलेली नाही.

आणि ती व्ही.पी.ची, म्हणजे टपालाने माल मागवून दारात पैसे मोजण्याची वर्षं होती. ऐंशीचं दशक सरत आलेलं. हिंदी-मराठी पेपरांत शेवटच्या पानावर दिल्लीच्या कंपन्यांच्या जाहिराती यायच्या : रेडिओ, टॉर्च, मनगटी घड्याळ, कुकर. एक पोस्टकार्ड टाकायचं, की त्यांची चित्रांची किताब घरी यायची. दुसरं कार्ड टाकायचं, की वस्तू यायची. पोस्टमन दारात उभा, आधी पैसे त्याच्या हातात द्यायचे आणि मग पार्सल फोडायचं. ऊन लागत नाही, घासाघीस नाही, दुकानदाराचं तोंड बघायला नको. माझं रक्त उसळायचं ते यानेच. खान्देशातला कापूस आणि केळी बाहेर जातात ते जातातच. आता कुलूपसुद्धा दिल्लीहून यायचं आणि आमच्या पेठेने माशा मारत बसायचं? मी पत्रक काढलं. त्यात व्ही.पी.ने माल मागवणाऱ्यांना आळशी म्हटलं होतं, आणखीही बरंच काही म्हटलं होतं. आता पाठिंब्याला एक दुकानदार हवा म्हणून मी नानांकडे गेलो. ते पेढे वाटतील, अशी माझी अपेक्षा.

नानांनी पत्रक वाचलं आणि मला बाकावर बसवलं. पाणी आलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“कोनी लिखं हाई?”

“मी.”

“व्ही.पी. मांगाडनारा आळशी शेतस, असं लिखेल शे.”

“आहेतच नाना. गावात दुकान असताना...”

“कोना गावमा?”

नानांनी बोटाने पश्चिमेकडे दाखवलं. मथुराअक्कांची भाची पिंपळनेरच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका गावी नर्स होती. “तिना गावमा दुकान एकच. तठे बिडी आनि मीठ भेटस. आठे येवाले तिले दोन एसटी बदलना पडतस. तिनी टपालवर कुकर मांगाडा. आते सांग, रातदिन बाळंतपणं करनारी ती पोर आळशी शे का?”

मी चाचरत म्हणालो, “पण नाना, कुकर बिघडला तर?”

“हां,” नानांचे डोळे चमकले, “आते तू कामनं बोलना. बिघडना तर ती भांडी कोनसंगे? हाई लिख. बाकीनं फाडी टाक.”

मी बाकीचं फाडलं. ‘बिघडलं तर भांडणार कोणाशी?’ या मथळ्याचं ते पत्रक माझ्या आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं, एरवी माझी पत्रकं भजी बांधायला जायची. त्या दिवसापासून नाना मला ‘कागदवाला’ म्हणू लागले.

त्याचा एक परिणाम मात्र मला अपेक्षित नव्हता. लोक व्ही.पी.चा बिघडलेला माल घेऊन नानांशी भांडायला येऊ लागले. पाचोऱ्याहून एक मास्तर आले. टपालाने मागवलेला टॉर्च हातात, चेहरा लाल. पत्रक त्यांच्या खिशात. म्हणाले, “हा तुमच्याकडचा नाही, मला माहीत आहे. पण ज्याच्याकडून घेतला त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही. मी बोलू कोणाला?” नानांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं, दोनदा. टॉर्च आपणच विकला असल्यासारखी मान खाली घालून. मग म्हणाले, “चुकनंच आमनं,” आणि स्प्रिंग बदलून दिली.

मास्तर गेल्यावर मी चिडलो. “तुम्ही कशाला ऐकून घेता? कंपनीचं पाप तुमच्या डोक्यावर?”

“अरे, राग घर लई गया तर बायकोवर निंघी. आठे निंघना ते बरं.”

त्यानंतर आमचा एक उद्योगच सुरू झाला. नाना वस्तू दुरुस्त करत आणि मी कंपनीला हिंदीतून कार्ड लिही. मजकूर नाना सांगत, व्याकरण माझं. दिल्लीच्या एका कंपनीचं उत्तर नेहमी येई, छापील, आणि खाली सही : ‘पत्रव्यवहार विभाग’. नानांनी ते माणसाचं नाव धरलं. मी कितीदा समजावलं, पण पुढच्या कार्डाची सुरुवात त्यांनी तशीच करायला लावली : ‘प्रिय विभागभाऊ’. त्यांच्या मते हा विभागभाऊ बिचारा एकटाच बसलेला असतो, सगळ्या देशाच्या शिव्या खातो आणि त्याला पाणी द्यायला कोणी नाही.

आणि मग ते पार्सल आलं.

बाजाराचा दिवस, भर दुपार. पोस्टमन रहीमभाऊंनी दुकानासमोर सायकल लावली, तीनदा घंटी वाजवली आणि एक जड खोका गल्ल्याशेजारी ठेवला. “नाना, व्ही.पी. शे. तुमना नावनी.”

पेठ थबकली. उखा नानांनी व्ही.पी. मागवली, म्हणजे हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे आणावेत तसं झालं. नानांनी घाईघाईने रहीमभाऊंच्या हातात पैसे ठेवले आणि खोका उचलून घरात न्यायला निघाले. गंगूबाई आडवी आली. “उघाडा ना नाना. आम्हले बी देखू द्या.” आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे मी लपवत नाही. “उघडा नाना. चारचौघांसमोर उघडा. काही गडबड असली तर साक्षीदार राहतील.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. त्यांनी सुतळी कापली. पेंढा बाजूला केला. आत पांढरा शुभ्र संगमरवरी खल होता आणि त्यात आडवा ठेवलेला बत्ता.

“दगड शे,” मागून कोणीतरी म्हणालं. त्या काळात रेडिओच्या खोक्यात वीट निघाल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात होत्या, त्यातल्या काही खऱ्याही होत्या. मी विचारलं, “नाना, मागवलं काय होतं तुम्ही?”

नाना क्षणभर माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “घड्याळ,” आणि खोक्याचं झाकण लावलं.

मला आणखी काय हवं होतं? दुसऱ्या दिवशी पत्रक तयार : ‘घड्याळ मागवलं, दगड आला.’ पारोळ्याच्या पेठेत वाटलं, पाचोऱ्याच्या स्टेशनवर वाटलं, धुळ्याच्या स्टँडवर एसटीत चढणाऱ्यांच्या हातात कोंबलं. विभागभाऊच्या कंपनीचं नाव ठळक. लोक चिडले. लोकांनी मागवलेला माल परत पाठवला. रहीमभाऊंची पिशवी हलकी झाली आणि पेठेत गर्दी वाढली, नानांच्या दुकानात सगळ्यात जास्त. मी हवेत होतो. एक गोष्ट तेवढी खटकत होती : नाना गिऱ्हाइकांना ‘भांडाले कधी येशी’ विचारेनासे झाले होते. फसवणुकीचा घाव लागला असेल, असं मी समजलो.

पत्रकाची एक प्रत मी कंपनीला रजिस्टरने पाठवली होती. सोबत एकच ओळ : उत्तर द्या. त्यांनी दिलं.

‘महोदय, आपका परचा मिला। उखाजी ने हमसे घड़ी नहीं मँगाई थी। उनका कार्ड साथ भेज रहे हैं। उसमें लिखा है, पन्ना चौदह का बट्टा भेजना। हमारे यहाँ बट्टा अकेला नहीं मिलता, इसलिए खल के साथ भेजा। उखाजी को घड़ी चाहिए तो पन्ना छह देखें।’

कार्डावर नानांचं अक्षर होतं. ‘पन्ना चौदा का बठ्ठा भेजना. बठ्ठा होगा तो ही लूंगा.’

आमच्याकडे बठ्ठा म्हणजे सगळं. एकही वस्तू मागे न ठेवता, सगळं. दिल्लीत बट्टा म्हणजे खलात कुटायचा दगड. कंपनीच्या कारकुनाने ‘ठ’ला आमच्या गावचं अशुद्ध हिंदी समजून मनातल्या मनात सुधारलं असणार.

मी कंपनीची चित्रांची किताब शोधून काढली आणि चौदावं पान उघडलं. खालच्या अर्ध्या भागात संगमरवरी खल-बट्टा. वरच्या अर्ध्या भागात एक हसरा म्हातारा, त्याच्या कानातून निघालेली वायर, आणि शेजारी मांडून ठेवलेली डबी, वायर, कानात घालायची दोन बोंडं, सेल, कातडी पाकीट. वर लिहिलेलं : ‘कान की मशीन’. नानांना हवा होता तो हा बठ्ठा; खालचा खल त्यांनी धरलाच नव्हता.

ते चित्र पाहिल्यावर गेल्या दोन-तीन वर्षांतले नाना माझ्या डोळ्यांसमोर उलटे फिरले. प्रत्येकाला दुसऱ्यांदा सांगायला लावणारे नाना. बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर न हलवणारे. गजराचं घड्याळ विकताना ते कानाला न लावता त्याच्यावर बोट टेकवून पाहणारे. रेडिओ विकणं त्यांनी मधेच बंद केलं होतं; कारण विचारलं तर म्हणाले होते, तो एकटाच बोलतो, त्याच्याशी भांडता येत नाही. आम्ही ज्याला त्यांचा धीर म्हणत होतो, तो धीर होताच, पण त्याच्यामागे दोन थकलेले कानही होते. आणि पोस्टकार्ड उघडं असतं, रहीमभाऊंपासून पोस्टमास्तरांपर्यंत सगळे वाचतात. म्हणून त्यांनी वस्तूचं नाव न लिहिता पानाचा आकडा लिहिला होता. पाकीट घेतलं असतं, तर पोस्टातच कोणीतरी विचारलं असतं, नाना, आज पाकीट? मी आळशी लोकांची सोय म्हणून जिला झोडत होतो, त्या व्ही.पी.त नानांना एक असं दुकान सापडलं होतं, जिथे आत शिरताना कोणी बघत नाही.

ते पत्र दडवावं, हा माझा पहिला विचार होता. दुसरा विचार यायला एक दिवस लागला. मग मी पत्र आणि कार्ड नानांच्या हातात दिलं. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. नानांनी वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. आणि हसायला लागले. इतके हसले, की मथुराअक्का आतून पदराला हात पुसत बाहेर आल्या. नाना कार्डावरच्या ‘बठ्ठा’वर बोट ठेवून त्यांना दाखवत होते आणि डोळे पुसत होते. मग एकदम थांबले.

“छाप,” ते म्हणाले.

“काय?”

“खरं काय ते छाप. दगड उना नही. मीच मांगाडा.”

“नाना, मग हेही छापावं लागेल की तुम्हाला...” मी कानाला हात लावला.

“माले समजस.”

मी वाद घातला. कंपनी मोठी आहे, तिचं काय बिघडतं? बाकीच्यांनी विटा पाठवल्याच ना? पेठ उभी राहिली आहे, तुमचं दुकान भरलं आहे, एवढ्याशा गोष्टीसाठी... मी बोलत होतो आणि माझ्या लक्षात येत होतं, की मी ओरडून बोलतो आहे, नेहमीच ओरडून बोलत होतो.

“ज्यासनी इटा धाड्यात, त्यासना नावे लिख,” नाना म्हणाले. “यानी नही धाडी. तो विभागभाऊ आठे बाकवर येवाव नही रे. त्यानी बाजू कोन सांगी?”

थोडा वेळ ते गल्ल्यावरचं कुलूप उघड-बंद करत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं, ते सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. “बहिरा दुकानदारसंगे कोन भांडी? लोके म्हनतीन, याले सांगीसन काय उपयोग. वस्तू लेतीन आनि निंघी जातीन.” एवढीच त्यांची भीती होती. लोक हसतील याची नव्हती. लोक भांडायचे थांबतील, याची होती. आणि त्याच भीतीपोटी ते खोटं बोलले होते, आणि आता त्याच भीतीसमोर जाऊन उभं राहायचं ते ठरवत होते, तेही दिल्लीतल्या एका न पाहिलेल्या माणसाची बाजू सांगायची राहू नये म्हणून. मी इतकी वर्षं न्यायावर पत्रकं लिहीत होतो. न्याय करताना माणूस कसा दिसतो, ते मी त्या दुपारी पाहिलं.

‘दगड आला नव्हता, मागवला होता.’ स्टेन्सिलवर मी हा मथळा कोरला. माझ्या पत्रकांत ‘मी चुकलो’ हे शब्द कधी आले नव्हते. नानांनी त्यांचं एक वाक्य स्वतः सांगितलं आणि ते आहे तसंच छापायला लावलं : ‘माले ऐकू कमी येस, म्हनीसन मी कानानी मशीन मांगी, आनि लाज वाटनी म्हनीसन खोटं बोलनू.’ पहिलं पत्रक जिथे जिथे वाटलं होतं, तिथे तिथे जाऊन मी हे वाटलं. धुळ्याच्या स्टँडवर एका कंडक्टरने विचारलं, “आता पुढच्या आठवड्यात काय, घड्याळ आलं?”

बाजाराच्या दिवशी नाना सकाळपासून गल्ल्यावर ताठ बसून होते. अंगात धुतलेला सदरा. गंगूबाई आली. हातात पत्रक, कोणाकडून तरी वाचून घेतलेलं. कोणी बस म्हणायच्या आत ती बाकावर बसली.

“नाना, हाई काय छापं?”

“खरं शे ते.”

“खरं शे ते बठ्ठा गावले म्हाईत शे. दोन वरीसथून आम्ही उगाच वरडी ऱ्हायनूत का? घर गऊ का मना नवरा म्हनस, हळू बोल, हाई नानानं दुकान नही.”

रहीमभाऊ सायकलवर एक पाय टेकून उभे होते. “आनि मी घंटी तीनदाव काबर वाजाडस?”

आतल्या दारातून मथुराअक्का म्हणाल्या, “मी चार वरीसथून सांगी ऱ्हायनू यासले, का कान दखाडा. पन त्याकरता बी ऐकू येवाले पाहिजे ना.”

नाना एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. “बठ्ठासले म्हाईत व्हतं?”

“बठ्ठासले,” गंगूबाई म्हणाली, आणि त्या शब्दावर अख्खी पेठ हसली. नाना सगळ्यात शेवटी हसले, पण सगळ्यात जास्त वेळ. मग गंगूबाईने पिशवीतून कंदिलाची काच काढली आणि गल्ल्यावर आपटली. “आते हाई देखा. काल लिनी आनि आज तडकनी.” ती काच तिनेच आपटून तडकवलेली असावी, अशी मला आजही शंका आहे.

कंपनीने खलबत्ता परत घ्यायची तयारी दाखवली होती. नानांनी नकार दिला. चूक आपली, तर वस्तूही आपली. मथुराअक्का त्यात लसणाची चटणी कुटू लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, की इतक्या वर्षांत यांनी पहिल्यांदा न बिघडणारी वस्तू घरात आणली.

कानाच्या मशीनसाठी नवं कार्ड गेलं. ते बाकावर बसून, मोठ्याने वाचून, चार जणांच्या सूचना घेऊन लिहिलं. वस्तूचं नाव ठळक अक्षरांत. ‘बठ्ठा’च्या जागी मी ‘सब’ लिहिलं, तेव्हा नानांना ते जरा कमी वाटलं. मशीन आलं. नानांनी ते कानात घातलं, आणि ते शिट्टी वाजवू लागलं. एखाद्याचा चेहरा पडला असता. नाना खूश झाले. “बिघडेल शे,” ते म्हणाले, आणि मला पेन काढायला लावलं. विभागभाऊला ते कार्ड जन्मभर लक्षात राहिलं असेल.

या वेळी उत्तर छापील नव्हतं, टाइप केलेलंही नव्हतं. हाताने लिहिलेलं, निळ्या शाईत. ‘उखाजी, मशीन कान में दबाकर लगाइए। सीटी मशीन की ग़लती नहीं, आपकी है। और मैं भाई नहीं, बहन हूँ। आपके सारे कार्ड मैंने ही पढ़े हैं।’

नानांनी बोंड कानात दाबून बसवलं. शिट्टी थांबली. त्यांनी मान पेठेकडे वळवली. बाहेर टांग्याचं घोडं खूर आपटत होतं, हॉटेलात बशा वाजत होत्या. ते पत्र त्यांनी पुन्हा हातात घेतलं आणि म्हणाले, “देख रे कागदवाला, भांडता येस तिले.” याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

मी पुढे धुळ्याला नोकरीला लागलो. आता इथे टीव्हीवर वस्तू दाखवतात, खाली फोन नंबर झळकतो, आणि आमच्या शेजाऱ्यांच्या दारात खोकी येऊन पडतात. मी अजूनही पत्रकं काढतो आणि अजूनही या दूरच्या दुकानांवर माझा विश्वास नाही. मात्र विकत घेणाऱ्याला शिव्या देणं मी सोडलं आहे. कोण कशासाठी कुठल्या पानाचा आकडा लिहितं, ते आपल्याला माहीत नसतं. माझं भांडण विकणाऱ्याशी आहे, आणि त्याची बाजू ऐकल्याशिवाय मी ते छापत नाही.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या पावसाळ्यात. जळगावहून येताना आमची एसटी पेठेच्या तोंडाशी बैलगाड्यांत अडकली. खिडकीतून दुकान दिसत होतं. नाना पायरीवर उकिडवे बसले होते, खूप वाळले होते, सदऱ्याच्या खिशातून वायर कानात गेलेली. त्यांच्यासमोर सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. हातात उलटी झालेली छत्री. तिला ओरडायचं माहीत नव्हतं. ती इतकी हळू बोलत होती, की तिचे ओठ हललेले जेमतेम दिसत होते. नानांनी खिशातल्या डबीचं चाक फिरवलं आणि मान तिच्याकडे झुकवली. ती बोलत राहिली. नानांनी मान हलवून नाही म्हटलं. तिने छत्रीच्या काडीकडे बोट दाखवलं. नानांनीही बोट दाखवलं, काडीकडे, मग आभाळाकडे, मग तिच्याकडे. तिने कमरेवर हात ठेवले.

मी खिडकीतून बाहेर झुकलो, कान टवकारले. गाड्या, बैल, एसटीचं इंजिन. मला तिचा एक शब्दही ऐकू आला नाही. नानांना सगळं ऐकू येत होतं.